विहाराच्या लेटरहेडवर

चंदाबाईंनी नवऱ्याशी बोलणं टाकलं त्याला रविवारी तिसरा दिवस लागला, आणि नेमका त्याच रविवारी भीमरावांचा ऐंशीवा वाढदिवस आला. अबोला असला म्हणून वाढदिवस थोडाच टळतो? सकाळी साडेपाचला उठून त्यांनी मटणाचं वाटण करून ठेवलं होतं, खिरीला गहू भिजवले होते आणि नवा सदरा इस्त्री करून पलंगावर काढून ठेवला होता. फक्त हे सगळं ज्यांच्यासाठी चाललं होतं त्यांना त्यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

बाराच्या सुमारास मुलगा राजेंद्र, सून कल्याणी आणि त्यांची लेक ईशानी येऊन पोचले, तेव्हा चंदाबाईंना हायसं वाटलं. बोलायला मधलं माणूस मिळालं.

"त्यांना सांग, सदरा पलंगावर आहे," त्या सुनेला म्हणाल्या.

ते म्हणजे भीमराव, चार हातांवर खुर्चीत बसले होते. "तिला सांग, घातला," ते म्हणाले. "आणि गळ्याला घट्ट होतोय हेही सांग."

कल्याणीने दोन्हीकडचे निरोप पोचवले. लग्न होऊन इंग्लंडात लेस्टरला आल्यापासून, म्हणजे सव्वीस वर्षांत, तिने या घरातले बरेच अबोले पाहिले होते. त्यातले निम्मे टीव्हीच्या रिमोटवरून झाले होते. पण हा तसला नव्हता, आणि त्यात तिचाही हात होता हे तिचं तिला ठाऊक होतं.

कल्याणी थॉर्नकोट हाऊस नावाच्या केअर होमची मॅनेजर होती. बेचाळीस म्हातारी माणसं, साठेक कर्मचारी, आणि त्या कर्मचाऱ्यांत तिची थोरली नणंद यमुना. यमुनाताई लग्न मोडून माहेरी आल्या, दोन-तीन दुकानांत काम करून कंटाळल्या, तेव्हा कल्याणीनेच त्यांना थॉर्नकोटमध्ये लावून दिलं होतं. म्हाताऱ्यांना रमवायचं काम: बिंगो, गाणी, कागदाची फुलं, बागेत चहा. नऊ वर्षांत यमुनाताईंनी त्या इमारतीत असा जीव ओतला होता की त्या रजेवर असल्या की लोक जेवायला खोलीबाहेर यायचे नाहीत. घरी कल्याणी धाकटी भावजय, यमुनाताई मोठ्या. कामावर उलटं. कामावर यमुनाताई तिला सगळ्यांसमोर "मॅडम" म्हणायच्या, आणि त्यात थट्टा किती नि मान किती हे कल्याणीला अजून उमगलं नव्हतं.

आता सरकारने कायदा केला होता. अकरा नोव्हेंबरपासून कोविडच्या दोन्ही लशी घेतल्याशिवाय केअर होममध्ये कुणाला काम करता येणार नव्हतं, आणि त्या हिशेबात बसायचं तर पहिला डोस येत्या गुरुवारपर्यंत घ्यायला हवा होता. सूट होती ती फक्त तब्येतीच्या कारणावरून. धर्माचं कारण कायद्यात नव्हतंच. थॉर्नकोटमध्ये सुरुवातीला अकरा जण तयार नव्हते. कुणाला भीती होती, कुणाला मूल हवं होतं, कुणी फोनवर काहीतरी भलतंच पाहिलं होतं. कल्याणीने एकेकाला बसवून चहा पाजून, समजावून, सात जणांना तयार केलं. उरलेल्या चौघांत यमुनाताई होत्या. त्यांना मात्र तिने एकदाही चहाला बसवलं नव्हतं.

मग मेडनहेडच्या हेड ऑफिसमधून ईमेल आला. ज्यांचा नकार श्रद्धेपोटी असेल त्यांनी आपल्या धर्मगुरूचं पत्र आणावं. त्यांना होममध्ये येता येणार नाही, पण नोकरी जाणार नाही. घरबसल्या फोनवर नातेवाइकांच्या चौकशीला उत्तरं देण्याचं काम मिळेल. बाकीच्यांना नोटीस. तो ईमेल यमुनाताईंनी वाचला आणि गुरुवारी जेवताना वडिलांना म्हणाल्या, "अण्णा, मला विहाराच्या लेटरहेडवर एक पत्र द्या. आपल्या धम्मात लस चालत नाही म्हणून."

भीमराव विहाराचे अध्यक्ष होते. भन्ते नेमलेले नव्हते, त्यामुळे लग्नं लावण्यापासून बॉयलर दुरुस्त करून घेण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडेच. ते म्हणाले, विचार करतो. चंदाबाई म्हणाल्या, पोरीच्या नोकरीत विचार कसला करायचा, दोन ओळी तर लिहायच्या. भीमराव पुन्हा म्हणाले, विचार करतो. आणि तिथून अबोला सुरू झाला.

स्वयंपाकघरात यमुनाताई भाकरी थापत होत्या. उंच, थोराड हाडांची बाई, केसांना जांभळट रंग, आवाज असा की शेजारच्या गुजराती बा भिंतीपलीकडून ओ देत. त्या नेहमीसारख्या बोलत होत्या. ईशानीला विचारत होत्या, लंडनला पिनरच्या शाळेत ती शिकवते ती मुलं अजून तिला मिस काळे म्हणतात की नुसतंच मिस. पण कल्याणी ओट्याशी आली तेव्हा त्यांनी थापटी जरा जोराने मारली आणि कामाबद्दल चकार शब्द काढला नाही. चंदाबाईंनी मात्र संधी साधली. सुनेला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "तू सांग त्यांना. तुझं ऐकतील. तू मॅनेजर आहेस."

कल्याणी हो म्हणाली. खरं तर तिला सांगायचंच होतं. ते पत्र तिला यमुनाताईंपेक्षा जास्त हवं होतं. उद्या सोमवारी दुपारपर्यंत तिला हेड ऑफिसला यादी पाठवायची होती, आणि पत्र नसलं तर गुरुवारनंतर यमुनाताईंच्या नावाची नोटीस निघणार होती, तिच्या सहीने. आठवडाभर तिला रात्री झोप लागली नव्हती. नवरा विचारायचा, काय झालं, आणि ती म्हणायची, पित्त.

भीमराव बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसले होते. समोर विहाराचा कोरा लेटरहेड, वरती निळं धम्मचक्र. त्यांनी इंग्रजीत "महोदय" इतकं लिहून पेन खाली ठेवलं होतं. वयाच्या सत्तावीसाव्या वर्षी इथे येऊन होजिअरीच्या कारखान्यात मशीन चालवलेला माणूस, अक्षर मात्र शाळामास्तरासारखं.

"बस," ते म्हणाले. "मला नीट सांग. मी हे लिहिलं तर काय होईल?"

"नोकरी राहील. घरी बसून फोन घेतील."

"तुझ्या त्या म्हाताऱ्यांकडे जाता येईल?"

"नाही."

"आणि नाही लिहिलं तर?"

"नोटीस," कल्याणी म्हणाली. मग, लपवण्यात अर्थ नव्हता म्हणून, "माझ्या सहीची."

भीमरावांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. मग त्यांनी सांगितलं की गेल्या महिन्यात गिरीश आला होता, ॲम्ब्युलन्स चालवणारा, हेच पत्र मागायला. त्याला नाही म्हटलं. मग त्याची मेहुणी आली, तिलाही नाही म्हटलं. गिरीश तीन रविवार वंदनेला आला नाही, मग मुकाट जॅब, म्हणजे लस, घेऊन आला. "त्याला मी काय सांगितलं माहितेय? आपला धम्म 'ये आणि पाहा' म्हणतो, डोळे मिटून नको म्हण असं सांगत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला ज्या खड्ड्यातून काढलं, त्यात परत उतरायला माझी सही मागू नकोस. आता तेच माझ्या पोरीला सांगायला जीभ उचलत नाही." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "तू काय म्हणतेस?"

"लिहा अण्णा," कल्याणी म्हणाली.

"हे मॅनेजर म्हणून सांगतेस की सून म्हणून?"

खोटं बोलायला तिच्याकडे एका श्वासाएवढाच वेळ होता, आणि तेवढ्यात तिला काही सुचलं नाही. "भित्री म्हणून," ती म्हणाली.

भीमराव हसले. दात लावलेले नव्हते, त्यामुळे ते हसणं लहान मुलासारखं दिसलं. "बरं झालं बाई," ते म्हणाले. "मला वाटलं, घरात मी एकटाच."

जेवायला सगळे एकदम बसले. चंदाबाईंनी पहिलं ताट नवऱ्यापुढे ठेवलं, न बघता. मटण अप्रतिम झालं होतं, रश्श्याचा रंग असा की डोळ्यांनी आधी जेवावं. पहिली दहा मिनिटं सगळ्यांचं लक्ष ताटातच होतं. हा प्रश्न जेवणाआधी काढायचा नाही, असं कल्याणीने नवऱ्याला गाडीत दोनदा बजावलं होतं. जेवणाच्या मध्ये काढू नये असं सांगायचं राहिलं.

राजेंद्र फार्मासिस्ट होता. बेलग्रेव्ह रोडजवळच्या त्याच्या दुकानात त्याने गेल्या आठ महिन्यांत निम्म्या वस्तीला लस टोचली होती. गुजराती, पंजाबी, सोमाली, पोलिश, सगळ्यांना त्याने आपापल्या भाषेतली लीफलेट्स वाटली होती. आणि त्याची सख्खी बहीण सुई नको म्हणत होती. गेल्या महिनाभरात त्याने तिला एकवीस लिंका पाठवल्या होत्या. तिने प्रत्येकीला अंगठा दाखवला होता, वाचली एकही नव्हती.

"ताई," नळी उचलत तो म्हणाला, "पहिलं शील कोणतं गं?"

यमुनाताईंनी त्याच्याकडे संशयाने पाहिलं. "पाणातिपाता वेरमणी. का?"

"म्हणजे प्राण्यांची हिंसा करायची नाही. आणि जॅब प्राण्यांवर टेस्ट करतात, म्हणून तुला चालत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग हे काय आहे?" त्याने नळी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

पहिल्यांदा भीमरावच हसले. ईशानीने तोंडावर हात धरला. यमुनाताईंनी आधी ओठ दाबले, मग त्यांनाही आवरेना. त्यांनी स्वतःच ते मटण शिजवलं होतं, आणि नळी भावासाठी बाजूला काढून ठेवली होती. "तुला वाढायलाच नको होतं," त्या म्हणाल्या.

तिथे थांबला असता तर राजेंद्र जिंकला असता. पण थांबणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो आकडे सांगू लागला. किती टक्के, किती लाख, कुठल्या महिन्यात. मग म्हणाला की दुकानात लोक त्याला विचारतात, तुमच्या घरी सगळ्यांनी घेतली ना, आणि त्याला खाली बघावं लागतं. शिकलेल्या घरातली बाई अशी वागते म्हटल्यावर काय बोलणार?

यमुनाताईंचं हसू गेलं. "सांग त्यांना, बहीण अडाणी आहे," त्या म्हणाल्या. आणि चंदाबाई मुलावर उखडल्या. आपल्या घरात आपल्याच लेकीला कुणी अडाणी म्हणायचं नाही म्हणाल्या. राजेंद्र म्हणाला, मी म्हटलंच नाही. भीमरावांनी मध्ये पडायला तोंड उघडलं आणि अबोला आठवून मिटलं. कल्याणी ताटाकडे पाहत राहिली. उद्याची यादी तिच्या फोनमध्ये होती आणि फोन पर्समध्ये, तरी तो मांडीवर ठेवल्यासारखा जड वाटत होता.

तेव्हा ईशानी बोलली. तिचं मराठी इथेच जन्मलेल्या मुलांचं होतं, लिंगवचनाच्या नावाने आनंद, पण बोलताना लाजायची नाही. शाळेत सहा वर्षांच्या पोरांची भांडणं सोडवायचं तिचं रोजचं काम. ती ताट घेऊन आत्याच्या शेजारी जाऊन बसली आणि ज्या सुरात ती त्या पोरांना विचारत असेल त्याच सुरात म्हणाली, "आत्या, तुझी रिझन काय आहे? खरी वाली. तो लेटरवाला नको."

यमुनाताई भाकरीचा तुकडा मोडत राहिल्या.

"तुला वाटते की जॅब वाईट आहे?"

"नाही," यमुनाताई म्हणाल्या.

राजेंद्र बोलायला गेला, तर ईशानीने त्याच्याकडे न बघताच हात वर केला. तो गप्प झाला. महिनाभरात पहिल्यांदा.

"जॅब वाईट नाही," यमुनाताई म्हणाल्या. "मी सुईला भीत पण नाही." त्यांनी हात धुतले नव्हते, रस्सा बोटांवर वाळत चालला होता, तिकडे बघत त्या बोलू लागल्या.

त्या बोलल्या ते गेल्या वर्षीच्या एप्रिलबद्दल. थॉर्नकोटमध्ये आजार शिरला, त्याच आठवड्यात कल्याणीला खोकला आला आणि नियमाप्रमाणे तिला चौदा दिवस घरी बसावं लागलं. बाकीचे कुणी आजारी पडले, कुणी घरच्यांच्या काळजीने येईनासे झाले. उरले ते सहा. बिंगो घेणारी बाई अंग पुसायला, कूस बदलायला, भरवायला लागली. मास्क आठवड्याला दोन. एप्रन संपले तेव्हा यमुनाताईंनी कागदाची फुलं कापायच्या कात्रीने कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांना गळे कापले आणि सगळ्यांनी त्या घातल्या. अकरा दिवसांत नऊ माणसं गेली. मुलं आत येऊ शकत नव्हती, म्हणून त्या त्यांच्या कानाशी फोन धरायच्या. मिस्टर एलिसनना फोन करायला कुणीच नव्हतं. ते म्हणाले, काहीतरी गा. त्या वेळी यमुनाताईंना एकही इंग्रजी गाणं आठवेना. म्हणून त्यांनी बुद्धं सरणं गच्छामि म्हटलं, तीनदा, जसं लहानपणी विहारात म्हणायच्या तसं. म्हातारा म्हणाला, लव्हली, आणि दुपारी गेला.

"तेव्हा मी घरी आले नाही," त्या आईला म्हणाल्या. "तुम्हा दोघांना काही व्हायला नको म्हणून. सामानाच्या खोलीत झोपायची."

"तू तर मैत्रिणीकडे, त्या रश्मीकडे होतीस," चंदाबाई म्हणाल्या.

"नव्हते."

चंदाबाईंनी हातातली पळी खाली ठेवली.

"तेव्हा असा कायदा नव्हता," यमुनाताई म्हणाल्या, "की यमुनाला मास्क दिल्याशिवाय आत सोडायचं नाही. आता कायदा आहे, यमुनाला सुई टोचल्याशिवाय आत सोडायचं नाही. मध्ये दीड वर्ष गेलं. कुणी विचारलं नाही, यमुना, तू कशी होतीस. कुणी सॉरी म्हटलं नाही. मला एक बॅज आला पोस्टाने, त्यावर हीरो लिहिलेलं. आणि आता फॉर्म आला. तब्येतीचं कारण असेल तर डॉक्टरचं पत्र, धर्माचं कारण असेल तर अण्णांचं पत्र. मला राग आलाय, ते कुठे लिहायचं? त्याला जागाच नाही. म्हणून मी धर्म लिहायला निघाले."

मग चंदाबाई नवऱ्याकडे वळल्या. "अहो, तुम्हाला माहीत होतं हे?"

"नव्हतं," भीमराव जपून म्हणाले. तीन दिवसांनी आलेलं वाक्य आपल्या एखाद्या जास्तीच्या शब्दाने परत जाऊ नये, अशा बेताने.

कल्याणीला माहीत होतं. सगळं नाही, पण पुरेसं. पंधराव्या दिवशी ती कामावर परतली तेव्हा तिने पहिल्यांदा औषधांचा साठा तपासला. मग ड्यूट्यांचा तक्ता लावला. मग नऊ घरांना पत्रं लिहिली. यमुनाताई त्या सामानाच्या खोलीतून अंथरूण गुंडाळून बाहेर येताना तिला दिसल्या होत्या, आणि ती म्हणाली होती, ताई, जरा दुसऱ्या मजल्यावर बघता का. त्या वर्षाअखेरीला कंपनीने तिला उत्तम मॅनेजरचं काचेचं स्मृतिचिन्ह दिलं. ते तिच्या ऑफिसच्या खिडकीत होतं. यमुनाताई रोज तिथे किल्ल्या ठेवायला यायच्या, आणि त्यांनी त्याचा विषय कधी काढला नव्हता. आत्ताही काढला नाही.

"ताई," कल्याणी म्हणाली, "तुमचा राग कंपनीवर आहे की माझ्यावर?"

यमुनाताईंनी बोटांवरचा वाळलेला रस्सा पुसला. "आधी तुझ्यावर," त्या म्हणाल्या. "कंपनीला मी ओळखत नाही."

ते ऐकून कल्याणीला लागलं, आणि त्याबरोबर आठवडाभर छातीवर बसलेलं काहीतरी उतरलंही. "मी मुद्दाम विचारलं नाही," ती म्हणाली. "विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं, आणि मी घरी होते. तुम्ही पिशव्या कापत होतात आणि मी वरच्या खोलीत बसून टीव्ही बघत होते. बरी झाले होते मी सहाव्या दिवशीच. ते अकरा दिवस थॉर्नकोट तुम्ही चालवलंत. मला बक्षीस मिळालं तेव्हा मी 'माय टीम' म्हणाले. तुमचं नाव घ्यायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

राजेंद्र बायकोकडे पाहत राहिला. पित्ताचं कारण त्याला बहुधा तेव्हा समजलं.

भीमराव उठले, बाहेरच्या खोलीत गेले आणि तो लेटरहेड घेऊन आले. "यमुना, यावर मी सही करणार नाही," ते म्हणाले. "गिरीशला नाही म्हटलं, तुलाही नाही. तुझा राग खरा आहे. पण त्याला धम्माचा मुखवटा चढवलास तर राग खोटा दिसेल आणि धम्मही. आत्ता बोललीस ते लिहू या. जसंच्या तसं. मी लिहितो, तू सांग."

"त्यावर नको," कल्याणी म्हणाली. "विहाराचा काय संबंध? थॉर्नकोटच्या लेटरहेडवर जाऊ दे. मॅनेजरच्या सहीने."

"ते तुला ठेवतील का नोकरीवर?" राजेंद्रने विचारलं.

"बघू," कल्याणी म्हणाली. ती जितक्या सहज म्हणाली तितकं सहज तिला वाटत नव्हतं. पण शब्द बाहेर पडल्यावर ते परत घ्यावेसेही वाटले नाहीत.

ताटं तशीच बाजूला सरली. ईशानीने लॅपटॉप उघडला, यमुनाताई सांगू लागल्या, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत, आणि मधेच चंदाबाई थांबवून विचारायच्या: मग जेवायचीस काय? सामानाच्या खोलीत हीटर होता का? ईशानी म्हणायची, आजी, हा लेटरमध्ये नाही जाणार. चंदाबाई म्हणायच्या, जाऊ दे की, लिही, खोलीत हीटर नव्हता. तेही गेलं. भीमराव स्पेलिंगं बघत होते. नऊ माणसांची नावं आली तेव्हा यमुनाताईंनी ती न अडखळता, क्रमाने सांगितली, आणि प्रत्येकाला काय आवडायचं तेही. एकाला मार्मालेड, एकीला घोड्यांच्या शर्यती. दोन पानं झाली. त्यात शेवटी इतकंच मागितलं होतं: त्या अकरा दिवसांत काम केलेल्या सहा जणांना कंपनीने समोर बसवून ऐकावं.

"मी जॅब घेईन असं म्हटलेलं नाही," यमुनाताई वाचून झाल्यावर म्हणाल्या.

"मी विचारलेलं नाही," कल्याणी म्हणाली.

मग केक कापला. ऐंशी मेणबत्त्या लावायची जागा नव्हती म्हणून आठच लावल्या होत्या, तरी भीमरावांना दोन फुंकरा लागल्या. चंदाबाई म्हणाल्या, दात लावा आधी, हवा जातेय. त्या दिवशी त्या नवऱ्याशी इतकं बोलल्या की संध्याकाळी भीमरावांनीच टीव्हीचा आवाज मोठा केला.

सोमवारी दुपारी कल्याणीने यादी पाठवली. यमुना काळे यांच्या नावापुढे तिने लिहिलं, अनिश्चित. बरोबर पत्र जोडलं. दोन मिनिटांत मेडनहेडहून आपोआप उत्तर आलं की आपलं म्हणणं दहा दिवसांत पाहिलं जाईल. मग चार वाजता तिथल्या एका बाईंचा फोन आला. फार गोड बोलल्या. कचऱ्याच्या पिशव्यांचा उल्लेख अगदी आवश्यक आहे का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. कल्याणी म्हणाली, हो, आवश्यक आहे, आणि पिशव्या काळ्या होत्या हेही. फोन ठेवल्यावर तिने ते काचेचं चिन्ह खिडकीतून काढून खणात ठेवलं, आणि मोकळ्या जागेत एक कुंडी ठेवली.

मंगळवारी राजेंद्र दुकानातून घरी आला तो वेगळ्याच चेहऱ्याने. ताई आली होती म्हणाला. अपॉइंटमेंट घेऊन, रांगेत उभी राहून, सगळ्यांसारखी. खुर्चीत बसल्यावर तिने एकच अट घातली: तू एक शब्द बोलायचा नाहीस.

"आणि?"

"नाही बोललो. सुई टोचली, पट्टी लावली. नंतर पंधरा मिनिटं बसवावं लागतं ना, तेवढ्यात तिने माझ्या सगळ्या लीफलेट्सच्या होड्या केल्या. पोलिशसुद्धा." तो सोफ्यावर बसला. "कल्याणी, तिचा दंड किती बारीक झालाय. मी कधी पाहिलंच नव्हतं."

त्याला चहा देऊन कल्याणी त्याच्या शेजारी बसली. त्या दिवशी त्याने कुणालाही लिंक पाठवली नाही.

गुरुवारी सकाळी कल्याणी थॉर्नकोटच्या दारात उभी होती. चौघांपैकी दोघी आल्या नाहीत. त्यांतली एक जण होमच्या स्वयंपाकघरात बारा वर्षं होती, आणि तिची नोटीस कल्याणीला लिहावी लागणार होती, ते कुठल्या पत्राने टळणार नव्हतं. तिसरा आला, कार्ड दाखवून मान खाली घालून आत गेला. मग बसथांब्याकडून यमुनाताई आल्या, डाव्या खांद्यावरची पर्स आज उजव्या खांद्यावर. त्यांनी कार्ड पुढे केलं. कल्याणीने तारीख पाहिली, वहीत नोंद केली, आणि दोघींनी एकमेकींना गुड मॉर्निंग म्हटलं.

"सुई घेतली म्हणजे राग गेला असं समजू नकोस," यमुनाताई म्हणाल्या.

"नाही समजणार."

"उत्तर आलं त्यांचं?"

"दहा दिवस म्हणतात."

"दहा दिवसांनी मी विचारणार."

"विचारा," कल्याणी म्हणाली. "मीही विचारणार आहे."

यमुनाताईंनी मान हलवली आणि आत गेल्या. मोठ्या हॉलमधून लगेच चमच्यांनी टेबलं वाजवल्याचा आवाज आला. चार-पाच म्हाताऱ्या आणि एक म्हातारा त्यांचं रोज असंच स्वागत करायचे. रविवारी हार्वेस्टचा, म्हणजे सुगीच्या सणाचा, कार्यक्रम होता, त्यासाठी त्यांनी सगळ्यांकडून महिनाभर कागदाची पानं कापून घेतली होती, पिवळी, तांबूस, लाल. त्यांची लांबच लांब माळ तयार होती. कल्याणी ऑफिसकडे निघाली होती, इतक्यात आतून हाक आली.

"मॅडम, जरा येता का? माझा हात वर जात नाहीये."

कल्याणी आत गेली. यमुनाताई माळेचं एक टोक धरून खुर्चीशी उभ्या होत्या आणि डावा दंड चोळत होत्या. कल्याणीने बूट काढले, खुर्चीवर चढली आणि माळ खिडकीच्या वरच्या खिळ्याला अडकवली. खाली बसलेल्यांचं मत पडलं की वाकडी आहे.

"डावीकडे घे," यमुनाताई म्हणाल्या. "अजून. अगं कल्याणी, तुझ्या डावीकडे."

घरातल्यासारखं अगं-कल्याणी या इमारतीत पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. बाकी कुणाला त्यात विशेष वाटलं नाही. कल्याणी टाचा उंचावून, दातात टाचणी धरून माळ डावीकडे सरकवत राहिली.